आईच्या शेजारची जागा

माझे वडील शवपेट्या करायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण मागाहून सांगितलं की लोक खुर्ची मागे सरकवतात. गल्लीत त्यांना सगळे पेटीवालेच म्हणत. खरं नाव चर्चच्या लोकांना तेवढं ठाऊक होतं, आणि त्यांनाही ते वर्गणीच्या दिवसांतच आठवायचं.

बाबांनी रस्त्यात कुणाला नुसतं "काय, तब्येत बरी ना?" विचारलं तरी समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने एकदा हात जोडून सांगितलं, "पेटीवाले, बाकी काहीही विचारा, तब्येत तेवढी विचारू नका." बाबा यावर पोट धरून हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण मला बघायला स्थळं यायची. पुढच्या खोलीत पाहुण्यांना खुर्च्या, मागच्या खोलीत भिंतीला टेकवलेल्या फळ्या, आणि मधल्या दाराला पडदा. वाऱ्याने पडदा हलला की मुलाची आई पदर सावरून उठायची. एक जण मात्र बराच वेळ बसला, चहा प्यायला, दुसऱ्यांदाही प्यायला. आम्हाला वाटलं, या वेळी जमलं. शेवटी कळलं की तो आजोबांसाठी पेटी सांगायला आला होता.

तर मी घरातच राहिले आणि आईबरोबर अस्तरं शिवू लागले. पेटीला आतून पांढरं सॅटिन लागतं, कडेला चुण्या लागतात आणि डोक्याखाली एक छोटी उशी लागते. ती उशी आम्ही रंध्याच्या सालपटांनी भरायचो. फुकटची असतात, मऊ असतात, आणि आत झोपणारा तक्रार करत नाही. उरलेले सॅटिनचे तुकडे आई साठवायची. त्यांची तिने स्वतःसाठी एक गोधडी शिवली होती, पांढरीशुभ्र, जाड, बारीक टाक्यांची. पेटीच्या अस्तराची गोधडी पांघरून झोपणारी अख्ख्या गावात माझी आई एकटीच असेल. मी तर त्या गोधडीला हातही लावायची नाही.

बाबांची कामाची एक पद्धत होती. माप घ्यायला गेले की ते पायांकडून सुरुवात करायचे. दोरी टाचेपासून वर न्यायची, मग खांद्यांची रुंदी, की झालं. मृताच्या तोंडाकडे ते कधीच बघायचे नाहीत. "तोंड बघितलं की हातोडी उचलत नाही," असं म्हणायचे. त्यांच्या वडिलांनी त्यांना तसंच शिकवलं होतं. ओळखीचा असो वा परका, तोंडावर चादर असेल तर ती तशीच राहायची, आणि नसेल तर बाबा आपली नजर छातीच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. आम्हाला ही फार मोठी माणुसकीची गोष्ट वाटायची.

आता रविवारचं सांगते. आमच्या गावात बेवारस प्रेताचं काय होतं, हे चांगल्या घरातल्या लोकांना ठाऊक नसतं. सरकारी दवाखान्याच्या शवागारात काही दिवस ठेवतात, कुणी आलं नाही की पोत्यात घालून नगरपालिकेच्या गाडीने गावाबाहेर नेतात, आणि एका लांबलचक खड्ड्यात सोडतात. वर पत्र्याच्या पट्टीवर नंबर. पण कुणीतरी उभं राहून "हे माझ्या ओळखीचं माणूस आहे" असं म्हटलं, तर प्रेत त्याच्या ताब्यात मिळतं. बाबांनी हे काम अंगावर घेतलं. चर्चच्या जुन्या पाळकसाहेबांनी दफनभूमीत मागच्या भिंतीलगतचा एक कोपरा त्यांना देऊन टाकला होता. ते म्हणाले होते, "पेटीवाले, जागा माझी नाही आणि मंडळीचीही नाही. तुम्ही आणत जा." उरल्यासुरल्या फळ्यांची पेटी, आईच्या हातचं अस्तर, आणि पाळकसाहेबांची प्रार्थना. असे कितीतरी जण त्या कोपऱ्यात नीट झोपले.

पण ओळखीचं म्हणायचं तर ओळख हवी. बाबा खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. म्हणून दर रविवारी उपासना सुटली की ते घरी न येता परस्पर मोठ्या पुलाखाली जायचे. तिथे भंगार वेचणारे, हमाली सुटलेले, घरच्यांनी हाकललेले, डोक्यावर परिणाम झालेले असे सगळे राहायचे. बाबा त्यांच्यात मांडी घालून बसायचे आणि गप्पा मारायचे. सुरुवातीला ते लोक त्यांना पाहून पांगायचे. शवपेटीवाला भिकाऱ्याशी दोस्ती करायला आला, म्हणजे काय समजायचं त्याने? मग सवय झाली. लांबून बाबा दिसले की ओरडायचे, "आले बघा, माप घ्यायला आले!"

त्यांच्यात एक म्हातारी होती. ती पुलाखालच्या सगळ्यांवर हुकूम सोडायची. कुणी कुठे झोपायचं, कुणी पाणी आणायचं, कुणाचं भांडण कधी संपलं, हे ती ठरवायची. बाबांनी तिचं नाव मुकादमीण ठेवलं होतं. स्वतःचं नाव ती कुणालाच सांगायची नाही. बाबा आले की ती जमिनीवर सरळ आडवी व्हायची आणि म्हणायची, "घ्या माप. पण खांद्याला जरा सैल ठेवा हं पेटीवाले, मला कुशीवर झोपायची सवय आहे." बाबा घरी येऊन हे सगळं हसत हसत सांगायचे. तेव्हा दुपार कलून गेलेली असायची. आईने ताट वाढून झाकून ठेवलेलं असायचं, आणि ती स्वतः जेवायची थांबलेली असायची.

"मुकादमीण जेवली का आज?" आई विचारायची.

"जेवली. आम्ही सगळे मिळूनच जेवलो."

"छान झालं," आई म्हणायची आणि त्यांचं ताट उचलून न्यायची.

लोक माझ्या बापाला देवमाणूस म्हणायचे. देवमाणसाच्या घरात राहून बघा म्हणावं. आम्हा दोघींना आठवड्यातून एकच दिवस रंध्याचा आवाज नसायचा, आणि नेमका त्या दिवशी घरधनी पुलाखाली. आई भांडणारी नव्हती, मी होते. मी म्हणायची, "घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं." बाबा म्हणायचे, "अगं, त्यांना कोण आहे?" आता याला काय उत्तर देणार? आम्हाला तुम्ही आहात, असं म्हणायचं तर ते पुढ्यात असायला हवे होते ना.

आई आजारी पडली ती उठलीच नाही. छातीत पाणी झालं होतं. मंडळीतल्या जोडप्यांना दफनभूमीत शेजारशेजारच्या दोन जागा राखून ठेवता यायच्या, तशा बाबांनी ठेवल्या होत्या, चिंचोळ्या वाटेच्या कडेला, एका झाडाखाली. शेवटच्या दिवसांत आईने बाबांना जवळ बसवून घेतलं. मी पायाशी होते.

"एक मागते," ती म्हणाली. "जन्मभर रविवारी तुमची वाट बघितली. बोलले नाही कधी. आता माझ्या बाजूची जागा सोडू नका. तिथे तरी मला एकटीला ठेवू नका."

बाबांनी तिचा हात धरून शब्द दिला. रडत रडत दिला. तिच्या पेटीला त्यांनी सगळ्यात चांगलं लाकूड काढलं आणि अस्तर मी शिवलं. झाकण बसवताना बाबांनी तिच्याही तोंडाकडे बघितलं नाही.

त्यानंतरच्या थंडीत एक दिवस कपाट उघडलं तर आईची गोधडी नव्हती. मी घर पालथं घातलं. बाबा शांतपणे म्हणाले, "मुकादमिणीला दिली. खोकत होती. इथे पडून काय उपयोग होता?" जिला जन्मात हात लावला नव्हता, त्या गोधडीसाठी मी त्या दिवशी ऊर फुटेस्तोवर रडले. निदान एका शब्दाने विचारायचं तरी मला.

पुढे जुने पाळकसाहेब गेले आणि नवे आले. नवे फार शिकलेले होते, बोलायचेही गोड. कमिटीवरही नवी माणसं आली आणि सेक्रेटरी म्हणून एक नीटनेटके गृहस्थ निवडून आले. दफनभूमीच्या मागच्या कोपऱ्यात त्यांनी फरशी टाकली, कारण उपासनेला येणाऱ्या गाड्यांना जागा पुरत नव्हती. ज्या रविवारी त्या फरशीवर पहिल्या गाड्या लागल्या, त्या रविवारी उपदेशाचा विषय होता करुणा. पाळकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढच्या बाकावरच्या बायका रुमाल शोधत होत्या. मी मात्र मागच्या गाड्यांची चाकं नेमकी कुणाकुणाच्या छातीवर आली असतील, याचा हिशोब करत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मग एका सकाळी शवागाराचा शिपाई आमच्या दाराशी आला. बाबांना तो चांगला ओळखायचा. "पेटीवाले, पुलाखालची एक बाई आलीय. तुमचीच असावी. पांढरी गोधडी आहे अंगावर, चकचकीत तुकड्यांची."

बाबांच्या हातातली पटाशी खाली पडली. मी त्यांच्याबरोबर गेले, आत नाही, दारापर्यंत. आत एका फळीवर ती होती, डोक्यापासून पायापर्यंत गोधडीत. शिपायाने विचारलं, "तोंड दाखवू?"

"नको," बाबा म्हणाले. "गोधडी बघितली ना. माझ्या बायकोच्या हातची आहे." आणि ते त्या गोधडीवर हात ठेवून लहान मुलासारखे रडले. मग दोरी काढली, टाचेपासून वर नेली. "उंचीला थोडी कमी भरतेय," असं म्हणाले. मेल्यावर माणसाची उंची घटत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरीही त्यांनी पेटी बेताची केली, फक्त खांद्याला सैल ठेवली.

जागेचं विचारायला ते कमिटीकडे गेले. सेक्रेटरींनी त्यांना आदराने बसवलं, आदराने ऐकून घेतलं आणि आदराने नाही म्हणाले. "पेटीवाले, आम्हाला वाईट वाटत नाही असं का वाटतं तुम्हाला? पण ती सभासद नाही. आज एकीला दिली की उद्या रांग लागेल." बाबा उठेनात. तेव्हा विषय संपवायला म्हणून ते हसत म्हणाले, "तुमच्या नावावर एक जागा आहेच की. ती कुणाला द्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही कोण अडवणार?"

त्यांना वाटलं, म्हातारा गप बसेल. त्यांना माझा बाप माहीत नव्हता. मला माहीत होता, म्हणून तो दारातून आत येताना बघितल्याबरोबर मी हातातलं अस्तर बाजूला ठेवून उठले.

"आईला शब्द दिलाय तुम्ही," मी म्हणाले.

"तुझ्या आईला सगळं समजायचं."

"समजायचं नाही, बाबा. ती सहन करायची. दोन्हींत फरक आहे."

"मग मुकादमिणीला पोत्यात जाऊ देऊ? तू सांग. तू सांग, मी तसं करतो."

हे असं असायचं. स्वतः करायचं आणि ठरवायला सांगायचं मला. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी आईच्या शेजारी मुकादमीण गेली. आईची गोधडीही तिच्याबरोबरच गेली. बाबांनी लाकडी क्रूस केला. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून त्यावर कोरलं, 'आमची बहीण'.

आणि मग काय कौतुक झालं म्हणता! पाळकांनी व्यासपीठावरून बाबांना उभं केलं. स्वतःची जागा देणारा माणूस म्हणून दुसऱ्या मंडळ्यांतून लोक त्यांना बघायला आले. सेक्रेटरींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. बोलाचाच भात, बोलाचीच कढी, आणि वाढपी मात्र आमच्या घरचा. बाबा लाजून हसायचे. मी त्या फोटोत नाही.

उन्हाळा संपत आला होता. मी पुढच्या खोलीत सुईत दोरा ओवत होते, बाबा मागे रंधा मारत होते, आणि दारातून आवाज आला, "पेटीवाले आहेत का?"

मी मान वर केली आणि सुई माझ्या बोटात घुसली. दारात मुकादमीण उभी होती. डोळ्याला हिरवी पट्टी, हातात पिशवी, अंगाने आधीपेक्षा जरा भरलेली.

तिचं म्हणणं साधं होतं. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी कुणीतरी तिला भल्या पहाटे, पुलाखालचे झोपेत असताना, लांबच्या दवाखान्यात नेलं होतं, तिथल्याच बायकांनी तिला ठेवून घेतलं, आता परत आली होती. आणि आल्याबरोबर पुलाखालच्यांनी तिला सांगितलं की तू मेलीस. ते ऐकून तिला भारी मजा वाटली होती. ती बाबांना तोंड दाखवायला आली होती.

बाबा पडद्यापाशी उभे होते. हातात रंधा तसाच.

"गोधडी," ते म्हणाले. "तुझ्या अंगावर गोधडी होती."

"माझ्या कशी असेल? मी तर ती देऊन टाकली. जायच्या आदल्या दिवशी एक नवीन बाई आली होती. तापाने फणफणलेली, कुडकुडत होती नुसती. तिची भाषा कुणालाच कळत नव्हती. म्हटलं, मला दवाखान्यात खाट मिळणार, पांघरूण मिळणार. घातली तिच्या अंगावर." मग तिचं हसू हळूहळू गेलं. एक डोळा बारीक करून ती बाबांकडे बघत राहिली. "तुम्ही तोंड नाही बघितलं माझं?"

"मी तोंड बघत नाही," बाबा म्हणाले. "कुणाचंच बघत नाही."

"मग इतकी वर्षं दर रविवारी काय बघायला येत होता?"

यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. बाबांनी रंधा खाली ठेवला आणि ते फळ्यांच्या मागे जाऊन बसले. ती गेल्यावरही तिथेच बसले होते. मी म्हणाले, "आईच्या शेजारी कोण आहे, बाबा?" ते म्हणाले, "माहीत नाही."

कमिटीला सांगितलं तेव्हा सेक्रेटरी उठून दार लावून आले. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "लोकांना केवढी प्रेरणा मिळाली आहे! आता उगाच हसं कशाला?" पाळक म्हणाले की देवाला सगळी नावं ठाऊक आहेत. असेल. पण क्रूस कोरायला देव येत नाही.

बाबा पुलाखाली त्या बाईची चौकशी करत फिरले. कुठून आली, कुणाची, कुणालाच ठाऊक नव्हतं. हळूहळू त्यांचं जाणं सुटलं. रविवारी ते घरी यायचे, माझ्यासमोर बसून जेवायचे, आणि आमच्या दोघांत बोलायला काही नसायचं. जन्मभर जे मागितलं ते असं मिळालं. दुपारी उठून ते दफनभूमीत जायचे, आईपाशी उभे राहायचे आणि शेजारच्या कबरीकडे पाठ करायचे. मी एकदा लांबून पाहिलं. शेजाऱ्याशी भांडण झालेला माणूस जिन्यात उभा राहतो, तसे उभे होते.

लाकडाच्या भुशाने छाती धरतेच. त्यांचीही धरली. अंथरुणाला खिळले, तेव्हा सेक्रेटरी फळं घेऊन आले. त्यांनी चांगली बातमी आणली होती. जुनी दफनभूमी भरली होती, नवीन मैदान गावाबाहेर डोंगराकडेला मिळालं होतं, यापुढे सगळ्यांना तिकडेच जायचं. "पण तुमचं तसं नको," ते म्हणाले. "आम्ही विचार केला. ती बाई चुकीच्या ओळखीवर आत आलेली आहे. म्हणजे नियमाने तिची जागा नगरपालिकेकडेच. तिला तिकडे हलवू आणि तुमची जागा तुम्हाला. शेवटी तुम्ही आमचे मोठे माणूस. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी बाबांकडे बघितलं. आता बाप काय बोलतो ते ऐकू, असं मला वाटलं. खरं सांगते, त्या क्षणी माझी त्याचा अभिमान वाटून घ्यायची तयारी झाली होती.

बाबा उशीवरून थोडे उठले. "खरंच होईल असं?" त्यांनी विचारलं. त्यांचे डोळे चमकले होते. कितीतरी दिवसांत मी ते तसे पाहिले नव्हते.

सेक्रेटरी गेल्यावर मी म्हणाले, "आणि तिचं काय?"

"कुणाचं?"

"आईच्या शेजारी आहे तिचं."

माझा हात धरून ते अगदी समजूत घातल्यासारखं म्हणाले, "ती आपल्या ओळखीची नाही गं, पोरी."

मी हात सोडवून घेतला नाही. "बरं," म्हणाले. आईने मागितलं होतं तेच ते मागत होते. इतक्या वर्षांनी माझा बाप नवऱ्यासारखा बोलत होता, आणि मला ते सोसत नव्हतं. "नक्की करशील ना?" त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणाले. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

त्यांची पेटी त्यांनी आधीच करून ठेवली होती, साधी, गाठी असलेल्या लाकडाची. अस्तर मी शिवलं. झाकण लावायच्या आधी मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. नीट, पोटभर बघितलं. आमच्या घरात कुणीतरी बघायला हवंच होतं.

दफनाच्या सकाळी मी आधी पोचले, तेव्हा कबर खणणारे काका कामाला लागलेच होते. मंडळी मागून यायची होती. फाटकाबाहेर नगरपालिकेची गाडी उभी होती आणि ड्रायव्हर आत पेपर वाचत होता. सेक्रेटरी काळ्या कोटात घड्याळ बघत होते. काकांनी 'आमची बहीण' उपटून झाडाला टेकवली होती आणि वरची माती एका बाजूला ओढली होती. मला पाहून ते थांबले, कपाळाचा घाम पुसला आणि सहज, कामाचं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"ताई, ही पेटी पातळ फळ्यांची होती. उचलताना टिकायची नाही. मी पोतं आणलंय. चालेल ना?"

पोतं त्यांच्या पायाशीच होतं. सिमेंटचं असावं, झटकून घेतलेलं, तोंडाला सुतळी ओवलेली.

मी त्या पोत्याकडे बघत राहिले. मला दया आली असं कुणी समजू नये. त्या बाईची मला दया कधीच आली नव्हती. तिच्यामुळे माझ्या आईच्या शेजारची जागा गेली होती, गोधडी गेली होती. मला राग आला होता, इतका की कानात घुमत होतं. लहानपणापासून ऐकत आले होते, कुणी पोत्यात जाऊ नये, कुणी पोत्यात जाऊ नये. भाकरीबरोबर खाल्लं मी ते. शिकवलं बाबांनी, परीक्षेला मला बसवलं, आणि स्वतः डोळे मिटून पेटीत आडवे झाले.

"माती परत लोटा, काका," मी म्हणाले.

सेक्रेटरी लगबगीने पुढे आले. "ताई, असं ऐनवेळी? वडिलांची शेवटची इच्छा आहे."

"माहीत आहे."

"आईंचीही होती म्हणे."

"तीही माहीत आहे."

"अहो, मग या बाईचं तुम्हाला काय पडलंय? कोण लागते ही तुमची?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "लोटा, काका."

बाबांना आम्ही गावाबाहेर नेलं. मैदान नवं, सपाट, झाड नाही की आडोसा नाही. त्यांच्या दोन्ही बाजूंना रिकामी जमीन होती. पाळक फार सुंदर बोलले. पुलाखालची माणसं एवढ्या लांब चालत आली होती, ती मागे घोळक्याने उभी राहिली. मुकादमीण पुढे आली, मूठभर माती टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "वारा फार आहे इथे."

मंडळीत आता माझ्याविषयी दोन मतं आहेत. काही म्हणतात, बापाच्या वरताण निघाली. काही म्हणतात, पोटच्या पोरीने मेलेल्या बापाला दिलेला शब्द मोडला. दोघांचंही खरं आहे. मी अस्तरं शिवते. पेट्या आता बाहेरून येतात, तयार, चकचकीत.

बाबांच्या मैदानावर मी जाऊन येते. आईकडे मात्र त्या दिवसापासून पाऊल टाकवत नाही. जुन्या दफनभूमीचं फाटक माझ्या रस्त्यातच आहे, मी पलीकडच्या बाजूने जाते. तिथे गेलं की तिला सांगावं लागेल की बाबा येणार नाहीत, आणि या वेळी त्यांना मीच येऊ दिलं नाही.